स्वतःच्या गाडीने अरवली ओलांडून थरच्या वाळवंटात: उदयपूर, जोधपूर, जैसलमेर आणि परत

जैसलमेरला गाडीने जाऊन आलेल्यांची एक तक्रार ठरलेली असते: ड्रायव्हिंगच फार झालं. सुट्टी आठ दिवसांची, नकाशावर बोट जैसलमेरवर, मग रोज पाचशे किलोमीटर हाणायचे. राजस्थानातले रस्ते चांगले आहेत, रहदारी कमी आहे, त्यामुळे ते जमतंही. पण मधला सगळा मुलूख काचेतून निघून जातो आणि शेवटी हाती लागते ती सम गावाजवळच्या वाळूवर डीजेच्या आवाजात काढलेली एक रात्र.

माझं म्हणणं असं की या सहलीचा जीव उदयपूर ते जैसलमेर या मधल्या पट्ट्यात आहे. मेवाडात तळी आणि डोंगर, अरवली उतरली की मारवाडचा सपाट कोरडा प्रदेश, पुढे फलोदीपासून खरं वाळवंट. या वाटेवर दोन गोष्टी पावलोपावली बदलतात, दगड आणि पाणी. राणकपूरला पांढरा संगमरवर, जोधपूरला लालसर वालुकाश्म, जैसलमेरला पिवळा दगड. आणि प्रत्येक ठिकाणी पाणी साठवायची तऱ्हा वेगळी. हे दिसायचं असेल तर दोन नियम पाळा. राजस्थानात शिरल्यावर दिवसाला तीनशे किलोमीटरच्या वर गाडी चालवायची नाही आणि अंधार पडल्यावर हायवेवर राहायचं नाही. लांब पल्ले पहिल्या आणि शेवटच्या दिवसांसाठी ठेवा, ते गुजरातच्या हायवेवर उरकतात.

कधी जायचं, किती दिवस

पुण्याहून निघून पुण्याला परत असा हा फेरा 3,200 ते 3,300 किलोमीटरचा होतो. घाई न करता पंधरा दिवस लागतात. तेवढी रजा नसेल तर शेवटचा बाडमेर-अबू-पाटण हा भाग आणि तनोट गाळा, मधला पट्टा कापू नका. दहाच दिवस असतील तर सरळ रेल्वेने किंवा विमानाने उदयपूर गाठा आणि तिथून गाडी भाड्याने घ्या. यात कमीपणा काही नाही, उलट मुंबई-अहमदाबाद रस्त्यावरचे ट्रक वाचतात.

काळ नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर. दिवाळीनंतरचा आठवडा मात्र टाळा. लाभपंचमीपर्यंत गुजरातची बाजारपेठ बंद असते आणि सगळं गुजरात उदयपूर-अबूला उतरलेलं असतं. 25 डिसेंबर ते 2 जानेवारी हाही तसलाच काळ, खोल्यांचे भाव दुप्पट-तिप्पट होतात. नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरचा मध्य, नाहीतर जानेवारीअखेर, हे उत्तम. माघ पौर्णिमेच्या आसपास जैसलमेरला मरु महोत्सव असतो. तो बघायचा असेल तर खोली बरीच आधी धरून ठेवा.

थंडीला हलकं समजू नका. दुपारी हाफ शर्टात फिराल आणि रात्री तंबूत दोन रजया लागतील. शिवाय दिवस लहान असतो. डिसेंबरअखेर जैसलमेरला सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. म्हणजे गाडी चालवायला जेमतेम साडेदहा तासांचा उजेड. त्यातून बघायचा वेळ वजा केला की तीनशे किलोमीटरचा नियम का, ते कळतं.

गाडीची तयारी

चारचाकी कुठलीही चालेल. हॅचबॅकने हा सगळा मार्ग आरामात होतो, कारण वाळूत गाडी घालायचीच नाही (त्यावर पुढे बोलू). फोर बाय फोरची गरज नाही.

टायर मात्र नीट बघा. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2319 असेल तर टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शिल्लक दिसली तरी सहा वर्षांपुढचा टायर या प्रवासाला नेऊ नका. स्टेपनीतली हवाही बघा, ती बहुतेकांची बसलेली असते. ट्यूबलेस पंक्चर किट आणि लायटर सॉकेटवर चालणारा हवेचा पंप बरोबर असू द्या. मारवाडपासून पुढे रस्त्याच्या कडेला वेड्या बाभळीचं रान आहे. फोटो काढायला गाडी डांबर सोडून खाली घेतली की तिचे काटे टायरमध्ये शिरतात. काटा बारीक असतो, हवा रात्रभर हळूहळू जाते आणि सकाळी हॉटेलच्या अंगणात गाडी एका बाजूला बसलेली दिसते. रोज सकाळी, गाडी थंड असताना, चारही चाकांवर नजर टाकायची सवय लावून घ्या.

कूलंट, बॅटरी, ब्रेक पॅड, हेडलाइटचा झोत हे नेहमीचं सर्व्हिसिंगमध्ये होतं. परवाना, आरसी, विमा, पीयूसी मोबाइलवर डिजिलॉकरमध्ये ठेवा आणि एक छापील संचही जवळ असू द्या, कारण जैसलमेरच्या पुढे नेटवर्कचा भरवसा नाही. नकाशेही आधीच उतरवून ठेवा.

फास्टॅगचा वार्षिक पास 15 ऑगस्ट 2025 पासून मिळतो. सुरू झाला तेव्हा तो 3,000 रुपयांचा होता, मुदत एक वर्ष किंवा 200 फेऱ्या, यातलं जे आधी संपेल ते. खासगी कारला तो राष्ट्रीय महामार्गांवर आणि अहमदाबाद-वडोदरा एक्स्प्रेसवेवर चालतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे राज्याचा, तिथं चालत नाही, तसाच राजस्थानातल्या राज्य महामार्गांच्या टोलवरही नाही. म्हणून पास असला तरी टॅगमध्ये पैसे ठेवावे लागतात.

इंधनाचा हिशोब सोपा आहे. लिटरला 15 किलोमीटर धरले तर सव्वादोनशे लिटरच्या आसपास. गुजरातमध्ये पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा आणि राजस्थानपेक्षा स्वस्त असतं, तेव्हा जाताना शामळाजीच्या आधी टाकी काठोकाठ भरा. सीएनजीवाल्यांनी जोधपूरच्या पुढे पेट्रोलवरच चालवायचं असं धरून चालावं.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो. गुजरातमध्ये दारूबंदी आहे. सीलबंद बाटली डिकीत ठेवून "आम्ही फक्त पुढे चाललोय" हे कारण चालत नाही. राजस्थानच्या सीमेवर तपासणी होते, परतताना तर हमखास.

पहिले दोन दिवस: उदयपूर गाठणं

पहिला मुक्काम वडोदरा. पुण्याहून साडेपाचशेच्या आतबाहेर, मुंबईहून चारशे. पुणेकरांनी पहाटे चारला निघावं, म्हणजे ठाण्याची घोडबंदर वाट सातच्या सुमारास पार होते. तिथं नऊ वाजले तर पुढचा दिवस गेलाच समजा. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाचे काही टप्पे गुजरातेत खुले झाले आहेत, निघायच्या आदल्या दिवशी नकाशावर ताजी स्थिती बघून घ्या. खानदेश-विदर्भाच्या लोकांनी मुंबईकडे यायचंच नाही. धुळे-इंदूर-रतलाम-नीमच-चित्तोडगड करत उदयपूरला या, चित्तोडचा किल्ला वाटेतच पदरात पडतो.

वडोदऱ्यात परकं वाटत नाही. गायकवाडांचं गाव, जुन्या भागात मराठी पाट्या आणि मराठी आडनावं. संध्याकाळ हाताशी असेल तर सयाजीराव महाराजांनी बांधलेला लक्ष्मी विलास पॅलेस बाहेरून तरी बघा. किर्ती मंदिरात नंदलाल बोस यांनी रंगवलेली भित्तिचित्रं आहेत, ती फार थोडे जण बघतात. रात्री सेव-उसळ खा. मिसळीशी तुलना करायची असेल तर मनातल्या मनात करा.

दुसऱ्या दिवशी वडोदरा ते उदयपूर, साधारण 370 किलोमीटर. अहमदाबाद शहरात शिरू नका, एक्स्प्रेसवे संपला की रिंग रोडने नरोड्याकडे वळून हिंमतनगरचा रस्ता धरा. हिंमतनगरनंतर जमीन उंचसखल व्हायला लागते, शामळाजीपाशी टेकड्या दोन्ही बाजूंनी जवळ येतात आणि रतनपूरची सीमा ओलांडली की अरवलीचा दक्षिण टोकाचा भाग सुरू. उदयपूरच्या दक्षिणेला जावर नावाचं गाव आहे. तिथं मध्ययुगात जस्त गाळायच्या भट्ट्या होत्या आणि वापरून झालेल्या मातीच्या नळकांड्या रचून लोकांनी घरांच्या भिंती बांधल्या. हाताशी दोन तास असतील तर हा फाटा घ्यावा. नसतील तर सरळ उदयपूर.

उदयपूर: गाडी बाहेर ठेवा

उदयपूर महाराणा उदयसिंहांनी 1559 मध्ये वसवलं. जुन्या शहरात, पिछोला तलावाच्या काठी राहायची हौस सगळ्यांना असते आणि ती पुरी करावी. पण जगदीश मंदिराच्या आजूबाजूच्या गल्ल्यांतून कार नेणं हा छळ आहे. समोरून रिक्षा, मागून स्कूटर, मध्ये गाय, आणि आरसे मिटून घेतले तरी भिंतीला घासतात. खोली ठरवतानाच विचारा: तुमचं पार्किंग कुठे आहे आणि तिथून हॉटेल किती लांब? "पार्किंग मिल जाएगा" हे उत्तर पार्किंग नसल्याचं समजा. गाडी बाहेरच्या पार्किंगमध्ये लावून सामानासह रिक्षाने आत जाणं सगळ्यात सुखाचं.

पूर्ण एक दिवस इथं द्या. सकाळी सिटी पॅलेस उघडताच आत शिरा, दहानंतर चिंचोळ्या जिन्यांत माणसांची रांग लागते. दुपारी झोप काढा. संध्याकाळी गणगौर घाटावर बागोर की हवेलीत लोकनृत्यांचा कार्यक्रम होतो. तिकिटासाठी वेळेच्या तासभर आधी जा. सूर्यास्ताला समोरच्या अंबराई घाटावरून राजवाडा उजळतो, तो फुकट दिसतो.

अरवली ओलांडताना

उदयपूर-कुंभलगड अंतर 85 किलोमीटर, पण पूर्ण दिवस ठेवा. एकलिंगजी 22 किलोमीटरवर. मेवाडचे राणे स्वतःला या देवाचे दिवाण म्हणवत. पुढे नाथद्वारा आणि राजसमंद. राजसमंद तलावाच्या बांधावर नौचौकी नावाचा संगमरवरी घाट आहे. त्याच्या कोनाड्यांत 25 शिळांवर मेवाडचा इतिहास संस्कृतात कोरलेला आहे. सतराव्या शतकात राणा राजसिंहांनी तलाव बांधवला तेव्हाची ही प्रशस्ती. पर्यटकांच्या गाड्या नाथद्वाऱ्यावरून वळतात, इथं सहसा कोणी येत नाही. पाण्यासाठी राज्य किती खर्च करायचं, हे त्या घाटावर उभं राहिलं की कळतं.

केलवाड्यानंतर शेवटचा टप्पा घाटाचा. वळणं आवळ आहेत आणि समोरून येणाऱ्या जीप मधूनच चालवतात. हॉर्न द्या, दुसऱ्या गिअरवर राहा. आपले सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्याला कुंभलगड थोडा गोंधळात टाकतो. कडे तासलेले नाहीत, डोंगर गोलसर आहेत, म्हणून सगळी भिस्त तटावर. 36 किलोमीटरचा तट मानला जातो, एका माथ्यावरून उतरून दुसऱ्यावर चढत जाणारा. पंधराव्या शतकात राणा कुंभांनी तो बांधवला, स्थपती मंडन. 1540 मध्ये महाराणा प्रताप इथंच जन्मले. वरच्या बादल महालापर्यंत चढ दमवणारा आहे, पाणी घेऊन जा. पण नुसतं वर जाऊन परत फिरू नका. तटावरून डाव्या हाताला अर्धा तास चालत जा. गर्दी पहिल्या दोनशे मीटरमध्येच संपते आणि तटाच्या आतल्या बाजूला ओसाड देवळं, विहिरी, शेताचे तुकडे दिसायला लागतात.

दुसऱ्या दिवशी राणकपूर. अंतर पन्नासेक किलोमीटर असलं तरी दीड-दोन तास धरा, रस्ता जंगलातून आणि अरुंद. ही अरवली ओलांडायची खरी वाट. वाटेत रहाट चालणाऱ्या विहिरी दिसतात, बैल गोल फिरतात आणि माळेतल्या डब्यांतून पाणी पन्हाळीत पडतं.

राणकपूरच्या चतुर्मुख जैन मंदिरात इतर पर्यटकांना दुपारी 12 ते 5 प्रवेश असतो, तेव्हा सकाळी लवकर पोचून उपयोग नाही. चामड्याचा पट्टा, पाकीट गाडीतच ठेवा. अंग झाकणारे कपडे हवेत. खांब 1,444 सांगतात. मोजायच्या भानगडीत पडू नका. खांबाला पाठ लावून बसा आणि उजेड कसा फिरतो ते बघा, अंगणं उघडी असल्यामुळे तो चारही बाजूंनी येतो. शेजारच्या भोजनशाळेत साधं जैन जेवण मिळतं, ते हायवेवरच्या हॉटेलपेक्षा कधीही बरं.

दोनच्या सुमारास निघालात तर जोधपूर उजेडात गाठता येतं. सादडी गाव आलं की डोंगर एकदम मागे पडतो. जमीन सपाट, झाडं खुजी, लाल फेटेवाले रायका लोक मेंढ्यांचे कळप घेऊन रस्त्याने. कळप आला की गाडी थांबवायची, हॉर्न वाजवायचा नाही. पालीच्या पुढे चोटिला गावापाशी अपघातात गेलेल्या ओम बन्नांचं ठाणं लागतं. तिथं काचेच्या पेटीत त्यांची बुलेट मोटारसायकल पुजली जाते. जाणारे-येणारे ट्रकवाले थांबून सुखरूप प्रवासाचं मागणं मागतात. तुम्हीही पाच मिनिटं थांबा.

जोधपूर

मेहरानगड सकाळी नऊला उघडतो, तेव्हाच आत जा आणि ऑडिओ गाइड घ्या. भारतातल्या किल्ल्यांमधली इतकी नीट मांडलेली वस्तुसंग्रहालयं थोडी आहेत. किल्ला राव जोधांनी 1459 मध्ये सुरू केला.

मला त्याहून पायथ्याचं राव जोधा उद्यान जास्त सांगावंसं वाटतं. हा सगळा खडकाळ उतार वेड्या बाभळीने गिळला होता. 2006 पासून ती समूळ काढून तिथं मारवाडची मूळ झाडं लावली. अडचण अशी की बाभळीची मुळं दगडाच्या फटींत खोल गेलेली. मग बोलावले खांडवालिया, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वालुकाश्म काढणारे खाणकामगार. ते हातोड्याने दगडावर ठोकून आवाजावरून ओळखायचे की दगड कुठे भरीव आणि कुठे पोकळ, आणि तिथंच छिन्नी लावायचे. उद्यानातून वाटाड्या घेऊन दीड तास चाला. पुढच्या चार दिवसांत रस्त्याकडेला दिसणारी खेजडी, केर, थोर, रोहिडा सगळी इथं ओळखीची होतात. ताटात येणारी केर-सांगरीची भाजी कुठून येते तेही.

घंटाघरापाशी मिरची वडा आणि मावा कचोरी. तूरजी का झालरा ही अठराव्या शतकातली पायऱ्यांची विहीर जुन्या शहरातच आहे, सकाळी आठच्या आत गेलात तर उड्या मारणारी पोरं आणि तुम्ही, बाकी कोणी नाही.

इतिहासाचं वेड असेल तर एक दिवस वाढवून नागौरला जा. जोधपूरहून 135 किलोमीटर. मारवाडच्या विजयसिंहाला वेढा घालून बसलेल्या मराठा सरदार जयाप्पा शिंद्यांचा 1755 मध्ये छावणीत दगा करून खून झाला, तो इथं. जवळच्या ताऊसरला त्यांची छत्री आहे. मारवाडी माणसाच्या लेखी आपण खंडणी वसूल करणारे. स्थानिक वाटाड्या तसं सांगेल तेव्हा ऐकून घ्यावं.

फलोदीला मुक्काम करा

जोधपूर-जैसलमेर सरळ रस्ता पाच-सहा तासांचा आणि सगळे तोच घेतात. तुम्ही ओसियांवरून जा. ओसियां जोधपूरपासून 65 किलोमीटर. आठव्या शतकापासूनची देवळं गावात विखुरलेली आहेत. सच्चियाय मातेचं देऊळ गजबजलेलं, पण रस्त्यालगतच्या हरिहर मंदिरांत बहुतेक वेळा राखणदारसुद्धा नसतो. तिथून पाऊणशे किलोमीटरवर फलोदी. उन्हाळ्यात इथलं नाव बातम्यांत असतं. मे 2016 मध्ये इथं 51 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. हिवाळ्यात सुंदर हवा.

फलोदीत राहायचं ते शेजारच्या खीचन गावासाठी. मंगोलिया-मध्य आशियाच्या बाजूने करकोचे, तिथले लोक ज्यांना कुरजां म्हणतात, ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत हजारोंनी इथं येऊन राहतात. गावातल्या जैन कुटुंबांनी त्यांना दाणे टाकायची प्रथा सुरू केली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. दाणे सकाळी टाकतात, म्हणून आदल्या रात्रीचा मुक्काम. उजाडताच चुग्गाघराजवळच्या, म्हणजे दाणे टाकायच्या जागेजवळच्या, एखाद्या गच्चीवर जागा मिळवा (घरमालकाला विचारून). आधी लांबून खर्जातला आवाज येतो, मग रांगा दिसतात. थवा एकदम उतरत नाही. वर घिरट्या घालतो, दोन-चार पक्षी खाली येऊन अंदाज घेतात, मग बाकीचे. कुत्रं भुंकलं तरी सगळे पुन्हा वर. गडद रंगाचे कपडे घाला, ड्रोन उडवू नका. खीचनला 2025 मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

तिथून रामदेवरा, पोखरण करत दुपारपर्यंत जैसलमेर. पोखरणला अणुचाचणीची जागा बघायला मिळत नाही, लष्करी हद्द आहे. विचारत बसू नका.

जैसलमेर आणि वाळू

राहायचं किल्ल्याच्या खाली. किल्ल्यात राहणं रम्य वाटतं, पण 1156 चा हा किल्ला कमी पाण्याच्या हिशोबाने बांधलेला आहे. घराघरांत नळ आले, हॉटेलं झाली, सांडपाणी पायथ्याच्या मऊ थरांत मुरायला लागलं आणि बुरूज ढासळले. खाली राहून गच्चीवरून किल्ला बघा, दृश्यही तिथूनच मिळतं. आतली जैन मंदिरं पर्यटकांना सकाळीच बघता येतात, तेव्हा ती आधी, मग पटवांच्या हवेल्या, संध्याकाळी गडीसर तलाव. नळ येण्याआधी शहर याच तलावावर जगलं.

शहराबाहेर पडलात की मोटारसायकलवरचे दलाल गाडीला समांतर येऊन काचेवर टकटक करतात, "कँप चाहिए?" त्यांना तिथं लपके म्हणतात. थांबू नका, काच खाली करू नका. सम 40 किलोमीटरवर, तंबूंची रांगच रांग आणि संध्याकाळी प्रत्येक तंबूत वेगळं गाणं. शांतता हवी तर नैर्ऋत्येला खुरी गावाजवळ मुक्काम करा. तिथं बोलताना आधीच विचारून घ्या: उंटाची फेरी किती वेळ, जीप वेगळी की पॅकेजमध्ये, गायला मांगणियार (इथले पिढीजात लोकगायक) येणार की स्पीकर? मांगणियार कलाकार कमायचा आणि खडताळ ही त्यांची वाद्यं घेऊन बसले तर फर्माईश म्हणून सिनेमातली गाणी मागू नका. लग्नात, जन्माला गातात ती गाणी म्हणायला सांगा. रात्र कशी सरली कळणार नाही.

वाटेत कुलधरा लागतं, पालीवाल ब्राह्मणांचं ओसाड गाव. भुताच्या गोष्टी वाटाडे रंगवून सांगतात. मला पालीवालांची खडीन जास्त भारी वाटते. खडकाळ चढावरून वाहून येणारं पावसाचं पाणी खालच्या बाजूला लांब मातीचा बांध घालून अडवायचं, जमिनीला पोटभर पिऊ द्यायचं आणि हिवाळ्यात त्याच ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. सिंचन नाही, विहीर नाही. कुलधरा-खाबाच्या वाटेवर डिसेंबरात वाळवंटाच्या मधोमध हिरवा चौकोन दिसला तर ते खडीन.

गाडी वाळूवर घालू नका. टेकडी जवळ आणि घट्ट दिसते, पण कडेपासून चार मीटर आत गेलं की चाक रुततं. आणि रुतलंच तर अ‍ॅक्सिलरेटर दाबू नका, प्रत्येक दाबाला चाक आणखी खाली जातं. उतरा, चाकांपुढची वाळू हातांनी काढा, टायरची हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवा, ज्या चाकांना इंजिनाचा जोर मिळतो त्यांच्याखाली पायाखालच्या मॅट घाला, स्टिअरिंग सरळ ठेवून हळू बाहेर काढा. डांबरावर आल्यावर आधी हवा भरा, मग निघा.

तनोट-लोंगेवालाचा फेरा पावणेतीनशे किलोमीटरचा. टाकी जैसलमेरला किंवा फार तर रामगढला भरा, पुढे भरवसा नाही. रामगढच्या आसपास अचानक मोहरीची शेतं दिसतात, तो पंजाबातल्या हरिकेहून आणलेल्या इंदिरा गांधी कालव्याचा प्रताप. तनोट मातेच्या देवळाची व्यवस्था सीमा सुरक्षा दल बघतं. 1965 च्या युद्धातले न फुटलेले बॉम्ब तिथं मांडले आहेत. लोंगेवालाला 4-5 डिसेंबर 1971 च्या लढाईचं स्मारक आहे. प्रत्यक्ष सीमेपर्यंत जायचं तर परवानगी लागते, ती चौकीवर विचारा, नाही म्हटलं तर हुज्जत घालू नका. वाळू रस्त्यावर आलेली असते, वेग साठच्या आत ठेवा.

सोलापूरकडच्यांसाठी एक: नान्नजला आता जवळपास न दिसणारा माळढोक बघायची आशा इथल्या मरु राष्ट्रीय उद्यानात आहे. वन विभागाच्या जैसलमेर कार्यालयातून परवाना काढून सुदासरीच्या कुंपणक्षेत्रात पहाटे जावं लागतं.

परतीची वाट

परतताना आल्या वाटेने येऊ नका. जैसलमेर-बाडमेर दीडशे किलोमीटर, बाडमेरला मुक्काम आणि दुपारी किराडूची देवळं. अंधार पडायच्या आत तिथून निघा. रात्री थांबणारा दगड होतो अशी समजूत आहे. खरं कारण रस्त्यावरच्या गाई आणि उंट. काळ्या उंटाचे पाय हेडलाइटमध्ये येतात, धड काचेवर.

दुसऱ्या दिवशी भीनमाळच्या बाजूने माउंट अबू. भीनमाळ गणिती ब्रह्मगुप्ताचं गाव मानलं जातं, चहापुरतं थांबा. अबूत दिलवाडा मंदिरं दुपारी बारानंतर उघडतात, फोटोला बंदी. विमल वसही 1031 ची, लूण वसही 1230 ची. राणकपूर बघून आलेल्याला वाटतं आता काय उरलंय. छताकडे बघेपर्यंतच. सकाळी 1,722 मीटरचं गुरुशिखर करा, अबू रोडला उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, खालच्या गिअरवर या.

मग गुजरात. पालनपूर-सिद्धपूर करत पाटण, तिथली राणी की वाव अकराव्या शतकातली, शंभराच्या नव्या नोटेवरची. तिसऱ्या मजल्यापर्यंत उतरलात की दुपारीसुद्धा हवा थंड लागते. पुढे मोढेऱ्याचं सूर्यमंदिर, रात्री वडोदरा, आणि शेवटच्या दिवशी पहाटे निघून घर. शेवटचा दिवस रविवार असू देऊ नका, वापी ते ठाणे सगळी मुंबई परतत असते.

घरी आल्यावर आठवडाभरात एअर फिल्टर आणि एसीचा केबिन फिल्टर काढून झटका, बहुधा बदलावेच लागतील. गाडी खालून धुऊन घ्या, दारांच्या रबरातली वाळू व्हॅक्यूमने काढा, नाहीतर काच वर-खाली करताना चरे पडतात. आणि फास्टॅगचं स्टेटमेंट एकदा डोळ्यांखालून घाला. एकाच टोलला दोनदा कापलेले पैसे तक्रार केली तर परत मिळतात.